डोळ्यातलं तेल

सकाळी पापण्या लगेच उघडत नाहीत.
केसांत चिपडं वाळून बसलेली,
मेंढीच्या पोटाखाली अडकतात
तशी काटेरी बोंडं.
मी चाचपडत किटली शोधते.
बाहेर पुंता अरेनासचा वारा
घरोघरच्या पत्र्यांना नावं ठेवत असतो.

चाळीस वर्षं लोकरीच्या गोदामात
डोळ्यांत तेल घालून काम केलं.
एक बट ताणायची, खिडकीच्या उजेडाकडे धरायची,
बारीक इकडे, भरड तिकडे.
ते तेल येतं कुठून,
कधी विचारलं नाही.

कडा लाल. बारा महिने लाल.
बेकरीतला ओसवाल्दो रोज म्हणायचा,
"कोण गेलं, एदेल्मिरा?"
त्याच्या हिशेबानं माझं सगळं गोत
एव्हाना तीनदा संपलं असेल.
शेजारीण दोराल्बा काही विचारत नाही,
नुसती माझ्या रिकाम्या बाटल्या मोजते.
वर्षाला दोन रांजणवाड्या ठरलेल्या,
आणि कपाटात थेंबांच्या कुप्या,
एकही धड संपवलेली नाही.

मार्चमध्ये माझा भाऊ सेगुंदो गेला.
खरंच गेला. चिलोएजवळ, बोटीवरून.
चर्चच्या पहिल्या बाकावर मी बसले होते,
तीच लाल कड, तेच पाणी.
कुणालाच काही वेगळं दिसलं नाही.
दुसऱ्या दिवशी ओसवाल्दोनं
नेमकं काही न विचारता
पाव बांधून दिला.

मग ती डॉक्टर. माझ्या भाचीएवढी,
कॉन्सेप्सियोनहून नवीन आलेली.
"पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात," म्हणाली,
"वर तीसेक, खाली थोड्या कमी.
तुमच्या बुजल्यात. आतलं तेल थिजलंय.
वर तेलाचा थर नसला की अश्रू उडून जातात.
डोळा कोरडा पडतो,
आणि कोरडा पडला म्हणूनच वाहतो."
"बरं कधी होईल?"
"होणार नाही. सांभाळता येईल.
रोज शेक द्यायचा."

मी हसले. ती दचकली.

अगं, कातरणीच्या आदल्या रात्री
आम्ही मेंढ्या छपराखाली खेटून कोंडायचो.
एकमेकींच्या उबेनं
लोकरीतलं मेण सैल व्हायचं, वर यायचं,
सकाळी कात्री कशी सुळकन जायची!
थंड मेंढी कातरू नये,
हे बापानं मला सातव्या वर्षी सांगितलंय.

आता जुन्या मोज्यात तांदूळ.
चुलीच्या कप्प्यात तापवायचे,
मनगटावर टेकवून बघायचे, बाळाच्या दुधासारखे.
दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर.
मग बोट, अगदी हलकं,
वरची पापणी खाली, खालची वर,
केसांच्या मुळांकडे.
मग उकळून निववलेलं पाणी, कापूस,
एकेका कडेवरून.
चोळायचं नाही.
हे सगळ्यांत अवघड.

कधी कंटाळा करते.
तिसऱ्या दिवशी पापण्या वसुलीला येतात,
डोळ्यांत वाळू घेऊन.
पुन्हा मोजा, पुन्हा चूल.
या वर्षी रांजणवाडी मात्र एकच.

त्या दहा मिनिटांत
वाचता येत नाही, विणता येत नाही,
कुणी दार वाजवलं तर वाजवू दे.
सेगुंदो येतो कधीकधी,
बोटीच्या दोराला शिव्या घालत.
मोजा काढते तेव्हा
एक टोक ओलं असतं.

ते तांदळाची वाफ, की तेल, की काय,
उजेडाकडे धरून
मी बघत नाही.