पंचावन्नला शिट्टी

देवरुखला एसटी स्टँडमागे माझं पंक्चरचं दुकान होतं.
सायकलची हवा एक रुपया, स्कूटरची पाच.
आता सोहार बंदरात, अग्निशमन केंद्राच्या मागल्या खोलीत
मी माणसांची हवा भरतो.
तीनशे बार. पिवळा सिलिंडर. काटा थरथरत चढतो
आणि मी वहीत लिहितो:
कोण, किती वाजता आत, किती वाजता बाहेर,
किती हवा नेली, किती परत आणली.

वही कुणी वाचत नाही. मी वाचतो.
बिजुमोन घाबरला की दुप्पट ओढतो,
रोनेल आत गुणगुणत असणार, त्याची नेहमी उरते,
आणि मुअज्जम परकार, दाभोळचा,
खाडीत बुडी मारून मुळे काढलेला पोरगा,
त्याच्याइतकी हवा पुरवून कुणी वापरली नाही.
तालमीचा जिना तोच, पायऱ्या तेवढ्याच.
दोन वर्षांमागे अडतीस मिनिटं.
गेल्या रमजानआधी तीस.
परवा एकवीस.

आग दिसते तोवर सगळे मास्क लावतात.
गाद्यांचं गोदाम विझलं त्या दिवशी
पारा सेहेचाळीसवर, ज्वाळा नाहीत,
डोळ्यांना दिसेल असा धूरही नाही,
नुसती राख उलथायची होती. तीन तास.
मास्क गळ्यात लोंबत होते.
कुणीतरी खजूर वाटला,
काळ्या बोटांनी खाल्ला सगळ्यांनी. मीही.
परतताना गाडीभर वास,
जळलेल्या बाहुल्यांचा असावा तसा.
धुलाईचं मशीन एप्रिलपासून बंद,
म्हणून कोट आमच्याच खोलीत, खाटांच्या दांड्यांना.

डॉक्टर म्हणाले, वाळूचा त्रास. निळा पंप दिला.
माझ्या कंप्रेसरला फिल्टर आहे.
ठरल्या तासांनी बदलतो; जुना उघडावा
तर चुलीवरचं कौल.
त्याची वेगळी वही, त्यावर खल्फानसाहेबांची सही.

काल परकार दारातच उभा राहिला.
"दादा, पुढच्या महिन्यात मेडिकल. नळीत फुंकायला लावतात."
फुंकशील की, मी म्हटलं.
"सहा सेकंद फुंकायचं. चौथ्याला खोकला येतो."
मग वहीकडे बघत,
"त्या एकवीसचं काहीतरी कर ना."
घराचा स्लॅब पडायचाय, बहिणीची फी भरायचीय,
यातलं तो काहीच बोलला नाही.
एका खोलीत राहिल्यावर बोलावं लागत नाही.

मी सत्तावीस लिहिलं.
खरं नाही, त्याला हवं होतं तेवढंही नाही.
ठिगळच ते. आतली ट्यूब कुजली असली
तरी गिऱ्हाईक घरापर्यंत पोचतं एवढ्यावर.

सिलिंडरला शिट्टी असते.
हवा पंचावन्नवर आली की आपली आपण वाजते,
आणि वाजली की हातातलं टाकून बाहेर यायचं,
कुणाचंही ऐकायचं नाही, साहेबाचंसुद्धा.
मीच शिकवतो हे नव्या पोरांना.

रात्री दोनला एसी थांबला
आणि ऐकू आली:
वरच्या खाटेवरून, बारीक,
प्रत्येक श्वासाच्या शेवटी.
रोनेल कूस बदलून झोपला.
मला चपला सापडेनात.
अनवाणी उभा राहून त्याचा खांदा हलवला,
परकार, ऊठ. चल बाहेर.

त्याला वाटलं घंटा झाली.
डोळे मिटलेलेच, आणि हात
अंधारात बूट चाचपायला लागले.