एम. एस.

बडोद्यात एम. एस. म्हटलं की विचारतात,
कुठली फॅकल्टी?
मी सांगते, फाइन आर्ट्स. तेही खरंच आहे.
चौतीस वर्षं तिथल्या छापखान्यात
जस्ताच्या पत्र्यावर सुईनं ओरखडत आले.
कुणीतरी माझ्यावरही ओरखडत होतं,
ते उशिरा कळलं.

"चार जुने डाग. नवं काही नाही, बेन."
दरवर्षी हाच रिपोर्ट.
म्हणजे ठीक चाललंय, असं घरात ठरलं.
डावी चप्पल मात्र खंडेराव मार्केटच्या पायरीवर
मागेच राहायची,
दहा पावलं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात यायचं.
रोजच्या हत्याराचं नाव हाताला आठवायचं,
तोंडाला नाही.
जाऊबाई म्हणाल्या, दिसतेस तर ठणठणीत!

दिसणं.

पोरांना मी सांगायचे:
पत्रा उजेडात धरून काय बघता?
शाई चोळा. पुसा. ओला कागद ठेवा, दाब द्या.
मग बोला.

या खेपेला मशीन मोठं, अलकापुरीच्या तळघरात.
तोंडावर पिंजरा.
केयूर नावाचा पोरगा म्हणाला, "हालता नहीं, मासी,"
आणि माझ्या डोक्याभोवती
कुणी पत्र्याचे डबे बडवत राहिलं,
पाऊण तास.

डॉक्टर मजमुदारांनी पडदा माझ्याकडे वळवला.
डागाच्या मधोमध केसाएवढी शीर.
दुसऱ्या डागाला काळी कड.
"हे लोह. इथे अजून धुमसतंय.
आणि हे तीन, वरच्या करड्या थरात.
साध्या चित्रात हे आले नसते."

मी चष्मा पुसून पुढे वाकले.
कड ओळखीची निघाली.
अ‍ॅसिडात पत्रा विसरला
की रेघ अशीच खाल्ली जाते, बाहेरच्या बाजूनं.
"छाप छान उठलाय," मी म्हणाले.
ते काही बोलले नाहीत. मग औषध बदलण्याविषयी बोलले.

रिक्षात जाऊबाईंना फोन लावला
आणि वाजायच्या आत कापला.
काय सांगणार होते?
दुखणं खरं निघालं, म्हणून हलकं वाटतंय?
पाकीट मांडीवर. हात थंड.

विश्वामित्रीच्या पुलावर गाड्या तुंबल्या.
रिक्षावाल्यानं बोट दाखवलं, "मगर! जुओ, जुओ!"
मला नुसतं पाणी दिसलं,
हिरवट, न हलणारं.

असेल, मी म्हटलं.
आहेच.