मावळतीकडं

फुलमती सूप मागायला आली
दिवाळी होऊन चौथ्या दिवशी.
तिच्या सुपाचा कोपरा उंदरानं कुरतडलेला.
फुटका नाय चालत काकी, म्हणाली, तो वरून बघतो.
मी माळ्यावरनं काढून दिलं,
लेकीच्या रुखवतात मांडलेलं,
नंतर कुणी हात न लावलेलं.

मागच्या दोन खोल्यांत राहते ती, सहावं वर्ष.
बिंदेसर सळईच्या कारखान्यात, भट्टीवर.
त्याच भट्टीवर ह्यांनी सव्वीस वर्षं
भंगार वितळवलं,
आधी निळी काच डोळ्यापुढं धरून,
पुढं पुढं न धरता.
आता ह्यांना उजेड कळतो, माणूस कळत नाही.

गुळाची खीर खाल्ली तिनं रात्री एकदा,
तिथून पुढं छत्तीस तास पाण्याचा थेंब नाही.
अगं, एकादशीला आम्ही भगर तरी खातो!
ती हसली, ओठ सुकलेले,
आणि ठेकुआ तळत राहिली,
मीठसुद्धा न चाखता.

तिसऱ्या संध्याकाळी मोती तलावावर निघाले सगळे,
टेम्पोत ऊस, बिंदेसरच्या डोक्यावर केळीचा घड.
हे म्हणाले, मलाही न्या.
तुम्ही काय बघणार तिथं?
बघायचं कुणाला, तोंडाला ऊन लागू दे.

कमरेइतक्या पाण्यात बायका,
नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत केशरी शेंदूर,
आणि तोंडं सगळ्यांची मावळतीकडं.
मला चुकल्यासारखं झालं.
उगवत्याला नमस्कार, असं आपण म्हणतो
दुसऱ्याला टोमणा मारायचा असला की,
आणि घरी जाऊन तेच करतो.
तो बुडायला लागला की दिवा लावायचा,
पाठ फिरवायची.
ह्यांना कंपनीनं नारळ दिला, शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं.
आठवड्यानं डबा विसरला म्हणून गेले,
तर गेटवर वॉचमननं नाव विचारलं.

फुलमतीनं सूप उचललं.
माझ्या लेकीच्या रुखवताचं सूप,
त्यात नारळ, मुळा, हळदीचं ओलं रोप, दिवा.
बिंदेसरनं दुधाची धार सोडली.

बुडाला का?
नाही अजून.
आता?
अर्धा.
रंग कसाय?
लाल.
नुसतं लाल काय सांगतीस, हे म्हणाले.
आठशेला डाळिंब, हजाराला संत्रं,
बाराशेला पिकली मोसंबी.
सोळाशेला रंगच नसतो, नुसतं टोचतं.
मग मी पदरानं डोळे पुसून नीट बघितलं,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असेल.
डाळिंबाच्याही खाली आलाय, म्हटलं.
मग गार होतोय, म्हणाले. होऊ द्या.
आणि हात जोडले,
थोडे डावीकडं चुकून, हायमास्टच्या दिव्याला.
मी सरळ केले नाहीत.

सूप परत आलं, ठेकुआ घालून.
कडेला शेंदराचं बोट उठलेलं.
धुवायला घेतलं आणि तसंच ठेवलं.

माघात रथसप्तमी.
तुळशीपुढं रथ काढला, एका चाकाचा.
सातव्या घोड्याला दरवर्षी जागा पुरत नाही,
त्याचे पुढचे पाय उंबऱ्यावर येतात.
ह्यांच्या डोक्यावर रुईची पानं ठेवून पाणी घातलं,
एक पान कानाला चिकटून राहिलं दुपारपर्यंत.
गोवऱ्या पेटवल्या, बोळक्यात दूध ठेवलं.
फुलमती पोराला कडेवर घेऊन बघत उभी,
दूध जळू देता? वाया नाही जात?

माझी आई परतूरला असंच ठेवायची.
पूर्वेला उतू गेलं की पाऊस बरा, म्हणायची,
आणि बोळकं हळूच तिकडं कलतं करायची,
आम्ही बघत नाही असं समजून.
मी यंदा हात लावला नाही.
दूध चढलं, थरथरलं,
फुलमतीच्या दाराच्या बाजूनं उतरलं.
राखेत चर्र झालं.

कुणीकडं गेलं? हे आतून.
मावळतीकडं.
ते चांगलं का वाईट?

आईनं ते कधी सांगितलंच नव्हतं.