दाब

वरून फोन आला, असं खुटवड साहेब म्हणाले
तेव्हा मी छताकडे पाहिलं.
बॅलार्ड इस्टेटच्या त्या इमारतीत आमचा मजला शेवटचा.
वर फक्त पाण्याची टाकी,
आणि टाकीवर घारीचं घरटं, केबलच्या तुकड्यांचं.

मी लघुलेखिका. एकतीस वर्षं नोकरी.
गिरगावातल्या क्लासात बेंद्रे मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले,
रेघ तीच असते, मुली.
हलकी ओढलीस तर प, दाबलीस तर ब.
त चा द, क चा ग, च चा ज.
मग फळ्याकडे वळून घोकायला दिलं:
पाप, बाप. चोर, जोर. केला, गेला.
आम्ही हसलो होतो.

साक्षीदार क्रमांक नऊ: हिरोजी वरळीकर.
समुद्राकाठी टाकलेल्या काँक्रीटच्या चौपायांमध्ये शिरून
चिंबोऱ्या धरतो. लिहिता येत नाही.
त्यानं टेबलावर नायलॉनची दोरी सोडली.
एका चौपायाला एक गाठ, तो म्हणाला,
दर ओहोटीला थोडं थोडं मोजलं.
साहेबांनी स्वतः मोजल्या. तीन तास. डबा तसाच राहिला.
गाठी अकराशे बेचाळीस.
बिलात चार हजार.
खोलीभर खारा वास.

कुणी धमकी दिली नाही, हे नोंदवून ठेवते.
दर वेळी चहा मागवला गेला.
"जरा दमानं घ्या," म्हणाले,
जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणावं तसं.
नंतर गाडी काढून घेतली,
शिपाई दुसऱ्या खात्यात उसना गेला,
साहेबांच्या मेव्हण्याच्या पेट्रोलपंपावर
एका महिन्यात चार तपासण्या.
एसी नादुरुस्त. दुरुस्तीचा अर्ज विचाराधीन.

मग बदली. वजनमापे, हिंगोली.
जाताना त्यांनी दोरी गुंडाळली, लिफाफ्यात घातली, लाखेनं बंद केली,
टपालाच्या काट्यावर ठेवली: एकशे साठ ग्रॅम.
हिरोजीला पावती दिली.
मला म्हणाले, बाई, पेन्सिलीला टोक ठेवा.

नवे साहेब रसाळ. आवाज रेडिओवरचा.
पहिलंच डिक्टेशन:
"साक्षीदार निरक्षर असल्याने
त्याने केलेली मोजणी ग्राह्य धरता येत नाही."
पूर्णविराम.
मी लिहिलं. तेच माझं काम.

परवा कोर्टाचा कागद आला.
हिरोजीनं पावती जपली होती. ती घेऊन तो वकिलाकडे गेला.
आता मूळ वही घेऊन मी हजर राहायचं, मोठ्यानं वाचायची.
रसाळ साहेब हसून म्हणाले,
तुम्ही वाचाल तेच खरं, बाई,
दुसऱ्या कुणाला कळतात त्या रेघोट्या?

रात्री वही काढली.
पान एकसष्ट. हिरोजीचं वाक्य मला पाठ आहे:
मंत्र्यांनी माल गायब केला.
वहीत केला नाही.
वहीत जाड, काळी रेघ आहे. गेला.
मंत्र्यांनी माल गायब गेला.
असं वाक्य मराठीत नाही.
व्याकरण मोडलं तरी हात थांबला नव्हता.

वर तारीख पाहिली.
फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.
मला तर कुणी काहीच म्हटलं नव्हतं,
मला चहासुद्धा विचारला नव्हता.

यजमान झोपलेत. स्वयंपाकघरातला दिवा लावून बसले आहे.
पान उलटं केलं आणि मागून अंगठा फिरवला.
जिथे जिथे दाबलं, तिथे कागद उठून आलाय.
डोळे मिटले तरी लागतं.
गाठी.

मोजते आहे.
पान सत्तरपर्यंत सतरा झाल्या.
वही दोनशे पानांची.
सकाळी अकराला हजर राहायचंय.