एक जानेवारी

रेंज फक्त सड्यावर येते,
तीही दक्षिण टोकाला, जिथे जांभा खणून सोडलाय
आणि खड्ड्यात शेवाळी पाणी साठलंय.
तिथे माझा वर्ग.
फळा नाही. सतरा बायका, नऊ फोन,
दोन तडकलेले,
एक दिराकडून मागून आणलेला,
असरच्या आधी परत करायचा.

धक्क्यामागच्या मोहल्ल्यातून त्या चढून येतात.
ओहोटी सकाळची असली की दुपारी,
दुपारची असली की सकाळी.
मी वेळापत्रक भरतीच्या कोष्टकावरून बनवते;
तालुक्याच्या साहेबांना वाटतं, पोरगी धरसोड करते.

पहिल्या दिवशी जैतून होडेकरचं बोट पडद्याला कळेना.
एकदा. दोनदा. ओढणीला पुसून पुन्हा.
रेशनच्या मशीनवरही असंच होतं म्हणाली,
दुकानदार अंगठा दाबून दाबून लाल करतो
आणि मशीन म्हणतं, ही ती नव्हे.
चाळीस वर्षं खाडीत तिसऱ्या उकरल्या.
"रेघा शिंपल्यांनी नेल्यान. जा, त्यांच्याकडून मागून आण."
आम्ही हसलो.
मग तिने बोट जिभेला लावलं,
नोटा मोजताना लावतात तसं,
आणि पडदा उघडला.

बँकेचा अर्ज.
नाव बसलं. आडनाव बसलं,
होडी विकून अकरा वर्षं झाली
हे विचारायला रकाना नव्हता.
मग जन्मतारीख, आणि तिच्याशेजारी लाल चांदणी.
"ही कशाला?"
हे रिकामं ठेवलं तर पुढे जाऊ देत नाही.
जैतून खाडीकडे बघत राहिली.
"मामूचो पडाव फुटलो ना जयगडच्या तोंडाशी,
त्याच्या दुसऱ्या चांदाला मी झाले.
लिही."
रकाना आठ आकड्यांचा.
पडाव त्यात मावेना.

मी एक जानेवारी टाकलं. वर्ष अंदाजाने,
तिच्या थोरल्या लेकाच्या वयात सतरा मिळवून.
मैमुनाचंही तेच. खातूनबीचंही.
शाळेत गेलेल्या दोघींना एक जून मिळालेला,
कधीकाळी मास्तरांनी दिलेला.
बाकी पंधराजणी मी एका दुपारी जन्माला घातल्या.
हिरवी खूण आली.
खाली उतरताना मी कुणाशी बोलले नाही.

थंडीत एक दिवस सड्यावर वारा असा
की ओढण्या दातांत धरून बसलेल्या,
आणि फोन वाजायला लागले.
एक, मग तीन, मग सगळेच;
दिराचा तर चारदा वाजला,
चौघींनी त्याचाच नंबर दिलेला.
खातूनबी उर्दू शाळेतली, ओळ उजवीकडून धरते,
तिला आधी 'शुभेच्छा' सापडल्या
आणि शेवटी स्वतःचं नाव.
जैतूनने अक्षर अक्षर लावलं. वर बघितलं.
"बँकेला कोनी सांगितलां?"

मी शेवाळी पाण्यात खडा टाकला.

दुसऱ्या दिवशी ती टोपभर सांदण घेऊन चढली,
गुडघ्यावर हात ठेवत, दोनदा थांबत.
"काल झालां ना आमचां. सगळ्यांचां."
वड्या पाडता पाडता विचारलं,
"तुजा कवा?"
सात ऑगस्ट, मी म्हटलं.
दवाखान्याचा शिक्का आहे,
आमच्या घरातली पहिली खरी तारीख.
"आणि त्या दिवशी दुसरी कोन?"
कुणी नाही.
"एकटीच?"
ती माझ्याकडे बघत राहिली थोडा वेळ,
आणि मला दोन वड्या जास्त वाढल्या.