पाण्याची पाळी

उदगीरला भाड्याचं घर, तीन खोल्या.
मन्मथ, खलील, सोपान
आणि रात्रीपुरत्या निलावतीबाई.

गल्लीनं आधी कुरकुर केली.
समोरच्यानं तर घरमालकाला फोनच लावला.

मन्मथला वार सांगता येत नाहीत,
चाळिशी उलटली तरी.
पण दहा दिवसांनी
नळात हवा फुसफुसली की
आधी त्याला कळतं.
पहाटेचे तीन असोत, चार असोत,
कड्या वाजवत जातो दारोदार:
पाणी येलालंय, उठा!
समोरच्याचीही.

परवा मी गेले.
गळ्यातल्या किल्लीनं कुलूप त्यानंच काढलं.
"ताई, किती दिवस राहणार?"
आई पाहुण्यांना विचारायची त्याच सुरात.
मग तांब्या ठेवला माझ्यापुढं, काठोकाठ.

थोडं सांडलं.
ते त्यानं पायानं पुसलं,
माझ्याकडं न बघता.