तिसरा

म्हापशात टायरच्या दुकानाशेजारचा लाकडी जिना चढलं की
एर्मेलिंदाचं ऑफिस.
एक पंखा, दोन खुर्च्या, भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर.
"फोटो बरा आहे, पात्रांव, म्हणून ठेवलंय."

जुनी पॉलिसी मी तिच्यापुढे सरकवतो.
"अकरा वर्षं झाली गाडीला.
आता तिची किंमत एक लाख दहा. गेल्या साली सव्वा होती."
मी म्हणतो, गेल्या साली माझीही जरा जास्त होती.
ती हसत नाही. आकडे टाकताना
ती कुणाच्याच विनोदाला हसत नाही.

मग समजावते, दरवर्षीसारखंच:
पत्रा जुना झाला की त्याचा हप्ता उतरतो.
आपल्या गाडीचा विमा घ्या, नको तर सोडा,
तुमच्या पत्र्याची काळजी सरकारला नाही.
तिसऱ्याचा मात्र घ्यायलाच हवा.
तो इंजिनाच्या सीसीवर ठरतो, वर दिल्लीत ठरतो,
"तिथे माझा पाय येऊन बसला तरी
एक रुपया कमी होणार नाही."

आणि तो नारळ?
मे महिन्यात लवूच्या माडावरून थेट बॉनेटवर आलेला.
गॅरेजवाला म्हणाला, तीन हजार आठशे.
एर्मेलिंदा म्हणाली, क्लेम केलात तर पन्नास टक्के सूट गेली,
परत शून्यापासून चढा: वीस, पंचवीस, पस्तीस...
पोचा तसाच ठेवला मी.
त्यात पाणी साठतं. एक बुलबुल येऊन पितो.
पाच वर्षं काही न घडल्याचं बक्षीस आहे ते,
घडलेलं न सांगितल्याचं म्हणा हवं तर.

फॉर्मवर माझ्या बापाचं नाव आहे,
चासीचा नंबर आहे, मी मेलो तर कुणाला द्यायचे तेही आहे.
पहिला मी. दुसरी कंपनी.
तिसऱ्याला रकानाच नाही.
अस्नोड्याच्या वळणावर सायकलवरून येत असेल,
किंवा अजून जन्मलाही नसेल,
किंवा आत्ता खाली बाजारात चणक विकत घेत असेल.
ज्याला मी अजून धडकलेलो नाही
त्याच्यासाठी दर साली तीन हजार चारशे आणि वर कर.
चवथीला सख्ख्या भावाला
एवढं कधी दिलं नाही.

पैसे मोजले. जिना उतरलो.
पाकीट खिशात कोंबत रस्त्यावर पाय टाकला
आणि ब्रेक किंचाळला.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे, भाड्याची गाडी,
आत टोपीवाला पोरगा, मांडीवरच्या फोनमध्ये समुद्र शोधणारा.
माझी एक चप्पल त्याच्या चाकाखाली.
माझा तळवा त्याच्या तापलेल्या बॉनेटवर,
जणू ताप बघतोय कुणाचा.

फुलवाल्या बायका ओरडल्या, दिसत नाही काय रे तुला!
मीही तेच ओरडणार होतो.
पण तोंडातून आलं,
"विमा आहे ना?"

पोरगा घाबरून म्हणाला,
"असेल अंकल. मालकाला विचारावं लागेल."

म्हणजे कुणीतरी, कळंगुटला नाहीतर शिवोलीला,
असाच एक जिना चढून
माझे पैसे भरून आला असेल, कुरकुरत,
माझं नाव न लिहिता.
किंवा नसेलही आला.

चप्पल ओढून काढली. पट्टा तुटला होता.
वर खिडकीत एर्मेलिंदा, हातात कागद:
"पात्रांव! तुमची सही राहिली!"